वेगावर नजर : कॅमेरा, कायदा आणि शाळेपुढचा रस्ता





मागच्या पालक सभेत अभ्यासाचे विषय संपल्यावर चर्चा रस्त्याकडे वळली आणि दोन प्रश्न पुढे आले. काही पालकांचे म्हणणे होते की शाळेपुढून गाड्या फार वेगाने जातात, तेव्हा संस्थेने प्रयत्न करून तेथे वेग मोजणारा कॅमेरा बसवून घ्यावा. दुसऱ्या बाजूच्या काही पालकांचा सूर वेगळा होता. त्यांच्या मते हे कॅमेरे म्हणजे नुसती दंडवसुली आहे. माणूस पुण्याहून किंवा बेंगळुरूहून घरी पोहोचतो न पोहोचतो तोच मोबाईलवर चलन हजर! दोन्ही प्रश्नांना सभेत पुरेसे उत्तर देता आले नाही, वेळ थोडा होता. म्हणून या अंकात तो विषय सविस्तर मांडत आहोत. कॅमेरा काम कसे करतो, त्याने दुर्घटना खरोखर कमी होतात का, कायदा काय सांगतो आणि आपल्या शाळेपुढच्या रस्त्यासाठी आपण काय करू शकतो, हे चार मुद्दे क्रमाने घेऊ.

कॅमेरा वेग कसा ओळखतो?

वेग मोजणाऱ्या यंत्राची सुरुवात मोठी गमतीची आहे. मॉरिस गॅट्सोनिडीस नावाचे एक डच मोटार-शर्यतपटू होते. १९५३ ची माँटे कार्लो रॅली त्यांनी जिंकली होती. वळणावर आपली गाडी नेमकी किती वेगाने जाते आणि तो वेग आणखी वाढवता येईल का, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. त्यासाठी त्यांनी रस्त्यावर थोड्या अंतराने दोन रबरी नळ्या आडव्या टाकल्या. पहिल्या नळीवर चाक आले की घड्याळ सुरू, दुसऱ्या नळीवर आले की बंद. अंतर ठाऊक, वेळ ठाऊक, म्हणजे वेग निघाला. पुढे १९५८ मध्ये त्यांनी अशी यंत्रे बनवण्याची कंपनी काढली आणि ती यंत्रे पोलिसांकडे गेली. जोरात पळण्यासाठी शोधलेले साधन जोरात पळणाऱ्यांना आवरण्याच्या कामी आले.

आज मुख्यतः दोन पद्धती वापरात आहेत. पहिली रडारची. उभे राहून रेल्वेची शिटी ऐका. गाडी जवळ येताना आवाज चढा लागतो आणि पुढे निघून गेली की एकदम उतरतो. बीदर–कलबुर्गी रेल्वे २०१७ मध्ये सुरू झाल्यापासून हा अनुभव आपल्या भागातील पुष्कळ मुलांना आहे. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ मध्ये या परिणामाचा सिद्धांत मांडला. तीन वर्षांनी हॉलंडमध्ये आगगाडीवर तुतारी वाजवणारे बसवून आणि खाली कान तयार असलेले संगीतकार उभे करून त्याची परीक्षाही घेतली गेली. रडार हेच करते, फक्त आवाजाऐवजी रेडिओलहरी सोडते. गाडीवर आपटून परत आलेल्या लहरीत जेवढा फरक पडला असेल, त्यावरून वेग कळतो.

दुसरी पद्धत सरासरी वेगाची. पहिल्या पद्धतीतील पळवाट चालकांना लवकर सापडते. कॅमेऱ्याचा खांब दिसला की ब्रेक, खांब मागे पडला की पुन्हा ॲक्सिलरेटर. म्हणून काही किलोमीटर अंतरावर दोन कॅमेरे लावतात. दोन्ही ठिकाणी गाडीचा नंबर आणि वेळ नोंदवली जाते. इयत्ता सातवीच्या मुलांनी हे गणित करून पाहावे : दोन कॅमेऱ्यांमधील अंतर १० किलोमीटर आणि मर्यादा ताशी ८० असेल तर ते अंतर कापायला कमीत कमी साडेसात मिनिटे लागली पाहिजेत. एखादी गाडी सहा मिनिटांत पोहोचली तर तिचा सरासरी वेग ताशी १०० होता. मध्ये कोठे ब्रेक मारला, कोठे नाही, याने काही फरक पडत नाही.

वेग कळला, पण गाडी कोणाची? कॅमेरा नंबर प्लेटचा फोटो घेतो, संगणक त्यातील अक्षरे व आकडे वाचतो आणि नोंदणीच्या माहितीवरून मालकाचे नाव शोधतो. म्हणूनच ४१४१ या आकड्याचा ‘दादा’ आणि ८०५५ चा ‘बॉस’ करणे हा निव्वळ शौक राहत नाही. ओळख लपवणारी नंबर प्लेट हा स्वतंत्र गुन्हा आहे.

आपल्या सीमाभागात आणखी एक समजूत फार घट्ट आहे. ‘गाडी केए ३८ ची आहे, महाराष्ट्रात कोण विचारतो?’ किंवा उलट, ‘एमएच २४ ची गाडी आहे, कर्नाटकात चलन येत नाही.’ भालकीचा माणूस उदगीरला, आळंदचा उमरग्याला आणि बसवकल्याणचा सोलापूरला सोयरिकीसाठी, दवाखान्यासाठी, बाजारासाठी रोज जात असतो, म्हणून ही समजूत चालत आली. परंतु वाहन नोंदणीची माहिती आता ‘वाहन’ या देशव्यापी संगणक प्रणालीत असते. राज्याची हद्द ओलांडली म्हणून गाडीची ओळख पुसली जात नाही.

वेगाचे खरे गणित

वेगाने इतके काय बिघडते, असे तरुण मुले विचारतात. उत्तर गणितातच आहे. समोर काही आडवे आले की ते डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्या वेळात गाडी पूर्वीच्याच वेगाने धावत असते. त्यानंतर ब्रेक लागून ती थांबायला आणखी अंतर लागते. रस्ता कोरडा, टायर चांगले आणि ब्रेक उत्तम आहेत असे धरले तर ताशी ४० च्या वेगाला दीड सेकंदाचे १७ मीटर आणि ब्रेकचे ९ मीटर मिळून सुमारे २६ मीटर लागतात. ताशी ६० ला २५ आणि २० मिळून ४५ मीटर. ताशी ८० ला ३३ आणि ३५ मिळून ६८ मीटर. वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर चौपट होते, हे विज्ञानाच्या पुस्तकातील गतिज ऊर्जेच्या सूत्रात आपण शिकतोच.

आता याचा अर्थ पाहा. रस्त्यावर एक लहान मूल चेंडूमागे धावत आले आणि ते गाडीपासून २७ मीटरवर आहे. ४० ने येणारी गाडी त्याच्या जवळ येऊन थांबते. ६० ने येणाऱ्या गाडीच्या चालकाचा पाय त्याच ठिकाणी नुकताच ब्रेकवर पोहोचलेला असतो, आणि गाडीचा वेग अजून जवळजवळ तेवढाच असतो. ताशी ६० ने बसलेला धक्का म्हणजे सुमारे १४ मीटर उंचीवरून, चार मजल्यांवरून पडण्यासारखा. ताशी ४० चा धक्का सहा मीटरवरून पडण्यासारखा असतो. तोही वाईटच, पण वाचण्याची आशा ठेवणारा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की रस्त्यावरील सरासरी वेग एका टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो.

आणि मिळते काय? गावातून जाणारा एक किलोमीटरचा रस्ता ६० ने एका मिनिटात संपतो, ४० ने दीड मिनिटात. भालकीहून बीदरला जाताना वाटेत चार गावे लागली आणि चारही गावांत आपण वेग उतरवला तर एकूण दोन मिनिटे जास्त लागली. एवढ्या दोन मिनिटांसाठी आपण दुसऱ्याच्या मुलाला चार मजल्यांचा धोका देतो. महामार्गावर ट्रकवाल्यांच्या सोयीसाठी हिंदीत पाटी असते, ‘दुर्घटना से देर भली’. रोज वाचून वाचून तिचा अर्थ बोथट झाला आहे, तो या हिशेबाने पुन्हा ताजा करावा.

देशाचे आकडेही पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी शंभरात एकाहत्तर मृत्यू अतिवेगाच्या नोंदीखाली आहेत. जगात ५ ते २९ वर्षे या वयोगटातील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण रस्ते अपघात आहे. हे वय आमच्या शाळेत बसलेल्या मुलांचे आणि त्यांच्या थोरल्या भावंडांचे आहे.

कॅमेऱ्याने अपघात कमी होतात का?

होतात, पण कॅमेरा एकटा ते काम करीत नाही. जगभरातील ३५ अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात कॅमेऱ्यांच्या परिसरातील मृत्यू आणि गंभीर इजा होणारे अपघात, ठिकाणाप्रमाणे, ११ ते ४४ टक्क्यांनी घटलेले आढळले. परिणाम कमी-जास्त आहे, पण दिशा एकच आहे.

आपल्या ओळखीचे दोन रस्ते घेऊ. आपल्याकडील पुष्कळ कुटुंबे कामासाठी पुण्या-मुंबईला असतात, त्यांना मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग ठाऊक आहे. त्या मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसे मेली होती. त्या वर्षी ‘शून्य मृत्यू’ हे ध्येय ठेवून सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था, रस्ते विकास महामंडळ आणि पोलीस यांनी मिळून काम सुरू केले. प्रत्येक जीवघेण्या अपघाताची जागा तपासली, उघडे पडलेले खांब आणि कठडे झाकले, रस्त्याकडेला बंद पडून उभे राहणारे ट्रक हटवले, वेगावर नजर ठेवली. २०१९ पर्यंत मृत्यूंची संख्या शंभराच्या खाली आली. पुढे २०२४ मध्ये त्या मार्गावर कॅमेऱ्यांची मोठी यंत्रणा सुरू झाली. तीत सरासरी वेग मोजण्याचीही सोय आहे.

दुसरा रस्ता आपल्याच राज्यातला, बेंगळुरू–मैसूरु. मार्च २०२३ मध्ये तो नव्या रूपात खुला झाला आणि पहिल्या काही महिन्यांतच अपघातांमुळे राज्यभर गाजला. १ ऑगस्ट २०२३ पासून त्याच्या मुख्य मार्गिकांवर दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टर यांना बंदी झाली, पोलिसांची गस्त वाढली आणि नंतर वेग टिपणारे कॅमेरे लागले. २०२३ च्या मानाने २०२४ मध्ये तेथील मृत्यू बरेच घटले. १ ऑगस्ट २०२४ पासून तर कर्नाटक पोलिसांनी राज्यात कोठेही ताशी १३० च्या वर गाडी नेणाऱ्याविरुद्ध केवळ दंड न करता थेट गुन्हा नोंदवायचे ठरवले.

या दोन्ही उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. कॅमेऱ्याची ताकद दंडाच्या रकमेत नाही. ‘पकडलो जाऊच’ या खात्रीत ती आहे. पोलीस चौकात उभा असेल तर तो शंभरातील एखादी गाडी थांबवतो, ओळखीचा निघाला तर सोडूनही देतो. यंत्राला ओळखपाळख नाही, जात नाही, पक्ष नाही. शिक्षा लहान असली तरी ती नक्की होणार असेल तर माणूस सुधारतो, हे शिक्षकांना वर्गातील अनुभवाने ठाऊक असते.

पण कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत, कारण आपल्या भागात त्याच जास्त आहेत. गाळप हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर असतो आणि त्याला मागे दिवा नसतो, तांबडी चकाकणारी पट्टी नसते. तुरीच्या दिवसांत काही ठिकाणी रास रस्त्याच्या कडेलाच पडते. दुभाजक फोडून केलेली वाट, अंधारात बसलेली जनावरे, उलट्या दिशेने येणारी दुचाकी. यांतील उलटी दिशा कॅमेरा पकडू शकतो, पण दिवा नसलेल्या ट्रॉलीवर रेडियमची पट्टी तो चिकटवू शकत नाही. ते काम मालकाचेच आहे.

दंडवसुली की सुरक्षा?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. त्यात १३६-अ हे नवे कलम आले आणि राष्ट्रीय व राज्य महामार्गांवर, तसेच मोठ्या शहरांत इलेक्ट्रॉनिक देखरेख ठेवण्याची जबाबदारी राज्य सरकारांवर आली. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यासाठी १६७-अ हा नियम आला. जास्त धोक्याचे आणि जास्त वर्दळीचे महामार्ग, दहा लाखांवर लोकवस्तीची शहरे आणि त्याशिवाय देशातील १३२ शहरांची यादी यांना तो लागू झाला. त्या यादीत आपले कलबुर्गी, गुलबर्गा या जुन्या नावाने, आहे. शेजारची सोलापूर आणि लातूरही आहेत. बीदर शहर यादीत नाही, परंतु हुमनाबादवरून जाणारा पुणे–हैदराबाद हा पूर्वीचा ९ क्रमांकाचा, आताचा ६५ क्रमांकाचा महामार्ग आणि बीदर–हुमनाबाद–कलबुर्गी हा ५० क्रमांकाचा महामार्ग, दोन्ही राष्ट्रीय महामार्ग आहेत. कोइमतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजशेखरन यांनी रस्ते सुरक्षेसाठी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. त्याच प्रकरणात न्यायालयाने २०२४ मध्ये राज्यांना या कलमाची अंमलबजावणी करण्यास सांगितले. तात्पर्य, आज नाही तर उद्या हे कॅमेरे आपल्या दारात येणार आहेत.

याच नियमात नागरिकांच्या बाजूच्या अटीही आहेत, त्या फार थोड्यांना माहीत असतात. यंत्राला अधिकृत मान्यतेचे प्रमाणपत्र पाहिजे आणि त्याचे दर वर्षी नूतनीकरण झाले पाहिजे. पुढे कॅमेऱ्याची देखरेख आहे, अशी सूचना देणारी पाटी आधी दिसली पाहिजे. चलनासोबत गुन्ह्याचा फोटो, यंत्राने केलेले मोजमाप, तारीख, वेळ आणि ठिकाण दिले पाहिजे. नोटीस पाठवण्यासाठी २०२१ च्या नियमाने १५ दिवसांची मुदत घातली होती. अशा मुदती बदलत असतात, म्हणून हाती आलेल्या चलनावर काय लिहिले आहे ते नीट वाचावे. नंबर चुकीचा वाचला गेला असेल, फोटोतील गाडी आपली नसेल, मर्यादेची पाटी झाडाआड झाकलेली असेल, तर चलन अमान्य करून दाद मागण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. आणि तो वापरावा. नियम सर्वांनी पाळायचा, तसा यंत्रणेनेही पाळायचा असतो. जेथे पाट्या नाहीत आणि खांब फक्त उतारावर दडवलेला आहे, तेथे पालकांची ‘दंडवसुली’ची तक्रार रास्त ठरते.

एक सावधानी मात्र बाळगावी. खोट्या चलनाचे संदेश व्हॉट्सॲपवर फिरतात. त्यात एखादी एपीके फाईल असते, ती उघडली की मोबाईल दुसऱ्याच्या ताब्यात आणि बँकेतील पैसे गायब. खरे चलन पाहण्यासाठी सरकारच्या ‘परिवहन’ संकेतस्थळावर स्वतः जाऊन गाडीचा नंबर टाकावा. आलेली फाईल उघडू नये. घरातील आजी-आजोबांनाही हे मुलांनी समजावून सांगावे.

दंड किती? वेगमर्यादा मोडल्यास हलक्या वाहनाला एक ते दोन हजार आणि मध्यम व अवजड वाहनाला दोन ते चार हजार रुपये, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत आहे. पण पालकांनी याहून महत्त्वाचे असे १९९-अ हे कलम वाचावे. कॅमेरा हँडल कोणाच्या हातात आहे हे विचारत नाही, तो गाडीचा नंबर टिपतो. गाडी बहुधा वडिलांच्या नावावर असते. अठरा वर्षांखालील मुलाने विनापरवाना गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचवीस वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. ‘मुलगा नववीत आहे, पण गाडी छान चालवतो’ असे कौतुकाने सांगणाऱ्या पालकांनी या शिक्षेचा विचार करावा. चालवता येणे आणि दीड सेकंदात योग्य निर्णय घेता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या शाळेपुढे काय करता येईल?

शाळेपुढे कॅमेरा बसवून घ्यावा, ही सूचना चांगल्या हेतूची आहे. परंतु कॅमेरा संस्थेने वर्गणी काढून लावायचा नसतो. प्रमाणपत्र, पोलिसांची यंत्रणा आणि नोंदणीशी जोड, हे सर्व शासनाचे काम आहे. आम्ही लावलेल्या साध्या सीसीटीव्हीने कोणाला चलन जाणार नाही. शिवाय आमच्या फाटकापुढे मूल रस्ता ओलांडते त्या वेळी गाडी हळू असली पाहिजे. पंधरा दिवसांनी कोणाला तरी दंड होऊन त्या मुलाचे भले होत नाही. मुले आणि गाड्या जेथे एकत्र येतात तेथे वेग ताशी ३० पेक्षा जास्त नसावा, असे २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटले आहे. हे साधण्याचे उपाय स्वस्त आहेत : दोन्ही बाजूंना योग्य मापाचे, पांढरे पट्टे मारलेले गतिरोधक, झेब्रा पट्टे आणि शाळेची पाटी. ‘निधानवागि चलिसि’ ही कन्नड पाटी आपली मुले वाचतात, पण उदगीर-निलंग्याकडून येणाऱ्या चालकाला ती कळेलच असे नाही. म्हणून कन्नडच्या जोडीला मराठीतही सूचना असावी, अशी विनंती आपण करू.

ही मागणी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे आणि पीडब्ल्यूडीकडे करायची असते. नुसत्या ‘गाड्या फार वेगाने जातात’ या वाक्याने अर्जाला वजन येत नाही. त्यासाठी आकडे पाहिजेत, आणि ते आकडे आपण स्वतः काढू शकतो.

इयत्ता नववीच्या विज्ञान विभागातर्फे आम्ही हा उपक्रम घेत आहोत. शाळेच्या कुंपणाच्या आत, भिंतीलगत, रस्त्याला समांतर ५० मीटर अंतर टेपने मोजून दोन्ही टोकांना चुन्याच्या खुणा करायच्या. पहिल्या खुणेवर उभा असलेला विद्यार्थी गाडी समोर येताच हात खाली करील, दुसऱ्या खुणेवरचा विद्यार्थी स्टॉपवॉच सुरू करील आणि गाडी आपल्यासमोर आली की बंद करील. १८० या संख्येला सेकंदांनी भागले की ताशी किलोमीटर मिळतात. सहा सेकंद लागले तर वेग ३०, साडेचार सेकंद लागले तर ४०, तीनच सेकंद लागले तर ६०. म्हणजे गॅट्सोनिडीस यांनी रबरी नळ्यांनी केले तेच आपण चुन्याने करणार आहोत. हाताने मोजताना थोडी चूक होणारच, म्हणून एका गाडीवरून निष्कर्ष काढायचा नाही. शाळा भरताना आणि सुटताना, आठवडाभर, भरपूर नोंदी घेऊन सरासरी काढायची. गाडीचा नंबर लिहायचा नाही, कोणाकडे बोट दाखवायचे नाही. कोणीही विद्यार्थी फाटकाबाहेर जाणार नाही आणि एक शिक्षक सतत सोबत राहतील. मिळालेला तक्ता पुढील अंकात छापू आणि अर्जाला जोडू.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की हा अर्ज संस्थेच्या नावाने जावा आणि त्याचा पाठपुरावा करण्यासाठी एका विश्वस्तांनी जबाबदारी घ्यावी. अर्ज देऊन विसरून जाण्याने रस्त्यावर पट्टे उमटत नाहीत.

पालकांना तीन विनंत्या आहेत. मुलाला सोडताना गाडी फाटकासमोर आडवी लावू नका, कारण त्या गाडीमुळे दुसरे मूल रस्त्यावर दिसेनासे होते. मोटारसायकलवर मागे बसलेल्या मुलालाही हेल्मेट द्या. आणि अठरा वर्षांखालील मुलाच्या हातात गाडीची चावी देऊ नका. या सत्रापासून विद्यार्थ्याने स्वतः चालवत आणलेली मोटारसायकल किंवा स्कूटर शाळेच्या आवारात उभी करू दिली जाणार नाही, आणि ती बाहेरच्या टपरीमागे लावलेली आढळली तर पालकांना बोलावले जाईल. यात कोणाच्या मुलाला सूट नाही. सायकलीने येणाऱ्या मुलांचे स्वागत आहे. त्यांच्या सायकलींना मागे तांबडी चकाकणारी पट्टी शाळा लावून देईल.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यावरही एक काम सोपवतो. आज घरी गेल्यावर गाडी चालवणाऱ्या मोठ्यांना २६, ४५ आणि ६८ हे तीन आकडे सांगा आणि ते कशाचे आहेत हे समजावून द्या. घरी ट्रॅक्टर असेल तर ट्रॉलीच्या मागे रेडियम आहे का, हे स्वतः पाहा, नसेल तर उद्याच लावायला सांगा. आणि पुढच्या वेळी वडिलांच्या किंवा काकांच्या मागे बसून एखाद्या गावातून जाताना काटा चाळीसच्या वर गेलेला दिसला, तर न घाबरता, नम्रपणे म्हणा, ‘गाव आलंय, जरा हळू.’ त्या रस्त्यावर कॅमेरा असो वा नसो.